डोके उंच ठेवून झोपावे

डिस्चार्ज कार्डावर अकरा औषधांची नावं होती, आहाराचं दीड पान होतं आणि झोपेबद्दल चार शब्दांची एक ओळ होती: ‘डोके उंच ठेवून झोपावे.’ किती उंच, कशावर, किती दिवस, कुशीवर वळायचं की नाही, उठायचं कसं, यातलं काहीच नाही. मीही विचारलं नाही. दवाखान्यातल्या पलंगाला बटण होतं, दाबलं की डोक्याकडची बाजू वर यायची. घरी असा पलंग नाही, हे मला गाडी बुटीबोरीच्या पुढे गेल्यावर सुचलं.

माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन ९ जानेवारी २०२४ ला नागपुरात झालं. दुर्बिणीतून. जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची नळी करतात, ते. ऑपरेशनबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. त्यानंतर खेड्यातल्या घरात, ऐन थंडीत, लाईन जाते-येते अशा ठिकाणी झोपायचं कसं, हे मला कुठं सापडलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

खरं तर ऑपरेशनपर्यंत मला झोपेनंच नेलं. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ९६ किलो. रात्री आठ तास अंथरुणात आणि सकाळी अंग असं, जणू रात्रभर निंदण केलं. कळंबहून येताना एसटीत डोळा लागायचा आणि गावाचा फाटा मागे पडायचा. घटक चाचणीला पर्यवेक्षण करताना खुर्चीत झोपले, तेव्हा सातवीच्या पोरांनी शांतपणे एकमेकांचे पेपर पाहून घेतले. नवरा माझ्या घोरण्याला कंटाळून केव्हाच सपरीत झोपायला गेला होता. शेवटी मुलीनं एका रात्री फोनवर आवाज रेकॉर्ड केला. घोरणं, मग एकदम शांत, मग पाण्याबाहेर डोकं काढावं तसा हुंदका. ‘आई, एकोणीस सेकंद तू श्वासच नाही घेतला,’ म्हणाली. गणितवाल्या बाईची पोरगी, तिनं मोजलं होतं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला झोपेच्या तपासणीला पाठवलं. दिवाळी आटोपून २४ नोव्हेंबरला गेलो. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, बोटाला चिमटा आणि म्हणे आता नेहमीसारखं झोपा. नऊ हजार रुपये लागले. अहवाल आला, तासाला ४१ वेळा श्वास अडतो. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर गेलं की तीव्र. सीपॅप मशीन घ्यावं लागलं, ४२ हजाराचं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं ते यंत्र. भूल द्यायच्या आधी काही आठवडे ते रोज वापरलंच पाहिजे, ही सर्जनची अट होती.

सासूबाईंना हे काही पटत नव्हतं. ‘झोपीसाठी कोनी पोट कापते काय वं?’ त्या म्हणायच्या. प्रश्न चुकीचा नव्हता.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण झोपेच्या तपासणीपासून मंजुरीपर्यंत आमचा जवळजवळ दीड महिना गेला. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये लठ्ठपणाच्या ऑपरेशनला अटी घातलेल्या असतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० किंवा वर हवा. किंवा ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), यातलं काहीतरी हवं आणि आधी साध्या उपायांनी वजन कमी झालेलं नसावं. माझा बीएमआय ३८.५. म्हणजे ती नऊ हजाराची तपासणीच माझं तिकीट ठरली. १८ डिसेंबरला कागद गेले, २२ तारखेला विमा कंपनीची क्वेरी आली: वजन कमी करण्याच्या आधीच्या प्रयत्नांचा पुरावा द्या. आता ‘दोन वर्षं रात्रीची भाकर सोडली’ याची पावती कुठून आणायची? नशिबानं यवतमाळच्या आहारतज्ज्ञ बाईंचे २०२२ चे कागद एका वहीत सापडले, तारीख आणि वजनासकट. ते कागद जपा. ३ जानेवारीला मंजुरी आली. एकूण बिल ३ लाख ६० हजार, मंजूर ३ लाख ५ हजार, बाकीचे आपले. प्रवास, तपासण्या, मशीन वेगळं.

शाळेत वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा टाकली. एक दिवस घेतला की अर्धवेतनी रजेतले दोन दिवस वजा होतात, तेव्हा शिल्लक आधी लिपिकाकडून लिहून घ्या. दहावीची परीक्षा १ मार्चपासून होती आणि माझा भूमितीचा सराव बाकी होता. त्याचं ओझं पोटापेक्षा जास्त होतं.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. यकृत लहान व्हावं आणि सर्जनला आत जागा मिळावी म्हणून. ते दिवस नेमके तुरीच्या सोल्यांचे. घरात सोलेभाजी शिजायची आणि मी ताकाचा पेला धरून अंगणात बसायची.

दवाखान्यातले तीन दिवस बरे गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी चालवलं, त्याच रात्री मशीनही लावलं. शिवलेल्या जठरात हवा जाऊन काही फाटेल का, ही माझी भीती होती. सर्जन म्हणाले, ‘तसं होत नाही. मशीन न लावता वेदनाशामक घेऊन झोपलात, तर त्याची मला जास्त भीती वाटेल.’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं, पुढे घरी कामी आलं.

१२ जानेवारीला घरी निघालो. भाड्याची गाडी, सव्वाशे किलोमीटर. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी धरली होती. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून तासातासाला उतरून चालायला सांगितलं होतं. देवळीजवळ एका चहाच्या टपरीभोवती मी दहा चकरा मारल्या आणि टपरीवाल्यानं नवऱ्याला विचारलं, ‘बाईचं काही हरवलं काय?’ महामार्ग गुळगुळीत आहे. कळंबपासून आतला अकरा किलोमीटरचा रस्ता मात्र प्रत्येक टाक्यानं वेगवेगळा मोजला.

घरी पोचले तर आमच्या खोलीत कापूस. भाव वाढेल या आशेनं इकडे घरोघरी कापूस भरून ठेवतात. लांब धाग्याचा हमीभाव ७०२० रुपये असताना व्यापारी त्याच्या खालीच मागत होता, म्हणून नवऱ्यानं विकला नव्हता. माझ्यासाठी त्यानं खोलीचा अर्धा भाग मोकळा करून पलंग लावला होता आणि उरलेल्या अर्ध्यात छतापर्यंत पांढरा डोंगर.

पहिल्या रात्री पाच उशा एकावर एक रचून झोपले. अर्ध्या तासात घसरून मान पुढे वाकली, हनुवटी छातीला टेकली आणि मास्कमधून फुसफुस हवा सुटायला लागली. उशांचं हेच होतं. डोकं वर जातं, पाठ खालीच राहते आणि पोट मध्ये दुमडतं. रात्री एकला लघवीला जायचं होतं. नवरा शेतात, शेतीची थ्री फेज लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी माझे दोन्ही हात धरून सरळ ओढलं. उजवीकडच्या सगळ्यात मोठ्या छिद्रातून, जिथून जठराचा कापलेला भाग बाहेर काढला होता, अशी कळ आली की दोघीही रडलो. संडास अंगणाच्या टोकाला. थंडीत बॅटरी घेऊन गेलो आणि परत येऊन पलंगाकडे पाहत उभीच राहिले. पुन्हा आडवं व्हायची हिंमत होईना.

दुसऱ्या रात्री सासूबाईंनीच उपाय सुचवला. ‘त्या कापसावर टेक ना वं. उशा कायले पायजे?’ कापसाच्या ढिगाला हातानं खळगा केला, वर चादर टाकली, आणि खरं सांगते, तसलं सुख मला दवाखान्याच्या पलंगावरही मिळालं नव्हतं. पाठीला, कमरेला, दंडाला सगळीकडून बरोब्बर आधार. दोन तास मेल्यासारखी झोपले. मग खाज. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे इकडे कोणालाही विचारा, पण माझ्या डोक्यात ते आलंच नाही. सकाळी मशीनचा फिल्टर काढून पाहिला तर त्यावर रुईचा थर. टाक्यांजवळ तो बारीक धागा आणि किडे नकोत, म्हणून तो प्रयोग तिथंच थांबला. नवऱ्यानं ताडपत्री टाकून ढीग झाकला आणि त्यानंतर मी दर रविवारी फिल्टर बदलत गेले.

त्याच रात्री डाव्या खांद्यात दुखायला लागलं होतं. फासळीखालून वर मानेपर्यंत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा आत राहतो, छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यावर जाणवतं. हे मला माहीत होतं. पण जठराला शिवलेल्या जागी गळती झाली तरी डावा खांदा दुखू शकतो, हेही वाचलेलं होतं. रात्री अकराला दवाखान्याच्या नंबरावर फोन केला. तिथल्या सिस्टरनं चार गोष्टी विचारल्या: नाडी किती, ताप आहे का, पाणी उतरतं का, पोट दगडासारखं झालं का. नाडी ८८, ताप नाही, पाणी उतरत होतं, पोट मऊ. ‘मग गॅस आहे. उठून चाला. नाडी १२० च्या वर गेली किंवा ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, निघाच.’ घरात थर्मामीटर आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवा. भीती आकड्यात मोजता आली की अर्धी उतरते, निदान माझी तरी. अंगणात वीस मिनिटं चालले. कुत्री माझ्यासोबत चालली.

तिसऱ्या रात्री पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. सहा फुटांच्या पलंगाला सहा इंचांची उंची म्हणजे जेमतेम पाच अंश. हा हिशोब मी सकाळी केला, रात्री नाही. शिवाय सकाळी पाहते तर मी गादीसकट पायथ्याशी.

१५ तारखेला संक्रांत. हळदीकुंकवाला बायका आल्या, मी ओसरीत शाल पांघरून बसले आणि वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या डब्या मोजत राहिले. तीळगूळ हातात घ्यायचा, वास घ्यायचा आणि मुलीकडे द्यायचा. प्रत्येकीकडे झोपेचा एक उपाय होता. एक काकू म्हणाल्या, ‘मॅडम, डॉक्टरले बोलवा, कमरेत एक सुई मारली की सकाळपर्यंत उठत नाही मानूस.’ इकडे सुई म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅक. या ऑपरेशननंतर ती आणि ब्रुफेनच्या जातीची औषधं टाळायची असतात, जठरात व्रण होऊ शकतात. माझ्या कार्डावर लाल शाईत लिहिलं होतं. झोपेची गोळीही विचारल्याशिवाय नाही; श्वास अडणाऱ्या माणसाला ती आणखी गाढ ढकलते. मी काकूंना तीळगूळ दिला आणि विषय बदलला. समोरच्या वहिनींनी त्यांची आरामखुर्ची पाठवली. त्यात बसल्या बसल्या झोप बरी लागली, पण सकाळी पाय सुजले. उपकेंद्रातल्या सिस्टर रोज पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन द्यायला यायच्या (एकेक चारशेच्या घरातलं, दहा दिवस), त्या ओरडल्याच: ‘पाय रात्रभर लटकवून ठेवायले सांगितलं कोनी?’

१६ ला वाढई, म्हणजे सुतार, आला. मी त्याला पाटीवर काढून दाखवलं. शाळेत साइन ३० म्हणजे अर्धा असं पाठ करायला लावतो, त्याचा उपयोग मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झाला. बसल्यावर कमरेपासून डोक्यापर्यंत माझं माप ३२ इंच. फळी ३२ इंचांची केली आणि डोक्याकडची बाजू १६ इंच उचलली की बरोबर ३० अंश. जुन्या कवाडाची फळी होती, मागे आरामखुर्चीसारखा टेका आणि त्याला तीन खाचे: १६ इंच, १२ इंच, ८ इंच. घसरू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी ठोकली. फळीवर पातळ गादी, गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी. वळकटी विसरू नका. गुडघे थोडे वाकलेले राहिले की पोटाची कातडी ताणत नाही आणि माणूस खालीही घसरत नाही. मजुरीसकट नऊशे रुपये गेले. बाजारात स्पंजची तिरपी उशी मिळते असं नंतर कळलं. ती घेतली असती तर वाढयाशी झालेली भूमितीची चर्चा हुकली असती.

त्या रात्री सलग चार तास झोपले.

१९ ला नागपूरला तपासणी. या वेळी वहीत तेवीस प्रश्न लिहून नेले होते आणि त्यातले चौदा झोपेचे. सर्जन हसले, पण उत्तरं दिली. ३० अंश ठीक आहे, दोन आठवड्यांनी हळूहळू उतरवा. कुशीवर आता चालेल, दुखेल ती बाजू सोडून. पालथं सहा आठवडे नाही. झोपायच्या आधीचा तासभर पाण्याचे घोट कमी करा, दिवसभरात मात्र दीड लिटर भरलंच पाहिजे. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी उठायची रीत शिकवली, तीच पहिल्या दिवशी शिकवली असती तर सासूबाई आणि मी रडलो नसतो: आधी गुडघे वाकवायचे, मग खांदा आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटावा तसं कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरानं अंथरूण दाबत वर यायचं. पोटाला जोर नाही. घरी सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याला बैलाचा कासरा बांधून ठेवला होता, मी ओढून उठावं म्हणून. तो तसाच लटकत राहिला. त्यांचं मन मोडवेना.

मग लाईनचा प्रश्न. २१ च्या रात्री दोनच्या सुमारास लाईन गेली. मशीन बंद, नाकावर मास्क, हवा नाही. मास्कला बारीक छिद्रं असतात, गुदमरून कोणी मरत नाही, पण झोपेतून दचकून उठताना हे आठवत नाही. मास्क ओरबाडून काढला आणि उरलेली रात्र फळीवर जागून काढली. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं इन्व्हर्टर आणायचं ठरवलं आणि तीन क्विंटल कापूस व्यापाऱ्याच्या भावानं विकला. २१ हजार. मला ते फार लागलं. तो फक्त म्हणाला, ‘खोलीही मोकळी होते ना थोडी.’ हिशोब असा: १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मे धरा. मशीनला हवेत ओल यावी म्हणून पाणी गरम करणारा डबा असतो, तो बंद ठेवला तर माझं मशीन ४० वॅटच्या आत चालतं, म्हणजे रात्र आरामात निघते. डबा चालू ठेवला की वीज कितीतरी जास्त जाते.

पण डबा बंद ठेवला की नाक कोरडं पडायचं, आणि चालू ठेवला की जानेवारीच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड व्हायची. मध्येच एखादा थेंब नाकात. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची लांब खोळ शिवून नळीवर चढवली. गुडगुड थांबली. लाईन असेल तेव्हा डबा, नसेल तेव्हा नाही, असं मी ठेवलं. डब्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. बॅटरीच्या दुकानात स्वस्त मिळतं म्हणून नवरा तिथून आणणार होता, मशीनवाल्यानं नाही म्हटलं. ते नाकातून आत जाणार आहे, औषधाच्या दुकानातूनच घ्या.

जानेवारीच्या शेवटी एक विचित्र आठवडा गेला. दुखणं कमी झालं होतं, फळी होती, इन्व्हर्टर होता आणि तरी रात्री अडीचला डोळे टक्क. रडू यायचं. आपण चांगलं धडधाकट जठर कापून टाकलं, कशासाठी, असं वाटायचं. नवऱ्याला उठवायची लाज वाटायची, तो आधीच एक दिवसाआड रात्री मोटर चालू करायला जायचा. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांना सकाळी फोनवर सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. बऱ्याच जणांना होतं म्हणाल्या, खाणं एकदम तुटतं, शरीर गोंधळतं. त्यांनी विचारलं, ‘दुपारी किती झोपता?’ तीन तास. भेटायला येणाऱ्या बायका गेल्या की मी पडायची ती चारपर्यंत. मग मुलीनं अर्ध्या तासाचा गजर लावायला सुरुवात केली आणि गजर झाला की मला हरभऱ्याच्या धुऱ्यापर्यंत चालवत न्यायची. चार दिवसांत रात्र परत जागेवर आली. रडू मात्र पुढे पंधरा दिवस मधूनमधून येत होतं. ते आपोआप ओसरलं की चालण्यानं, सांगता येत नाही.

कुशीवर झोपणं डावीकडून सुरू झालं. उजवीकडची छिद्रं अजून ओढायची. डाव्या कुशीला पोट खाली लोंबतं आणि आतून ओढल्यासारखं होतं, म्हणून पोटाखाली लहान उशी लागते, दुसरी गुडघ्यांमध्ये. ही लहान उशी सासूबाईंनी केली. आपल्याच ढिगातला कापूस घेऊन उन्हात बसून बोटांनी एकेक सरकी काढायच्या. तीन दुपारी लागल्या. ‘दुकानातल्या उशीत काय भरते कोनाले मालूम,’ म्हणाल्या. तीच उशी मी खोकताना, शिंकताना पोटाशी घट्ट धरायची.

९ फेब्रुवारीला महिन्याची तपासणी झाली, वजन ८६ भरलं, आणि फिटनेस प्रमाणपत्र घेऊन १२ ला शाळेत रुजू झाले. रुजू अर्ज, फिटनेसची मूळ प्रत आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, तिन्ही लागले. दोन झेरॉक्स जास्त ठेवा, लिपिक एक हरवतोच. उभं राहून दोन तास शिकवलं की रात्री झोपेची विनवणी करावी लागत नव्हती. फळी १२ इंचांच्या खाचेत आली होती.

मऊ जेवण सुरू झालं तसं रात्री घशाशी आंबट यायला लागलं. या ऑपरेशननंतर काहींना हा त्रास होतो, जठराची नळी अरुंद झालेली असते. माझी चूक वेळेची होती. सगळ्यांसोबत नऊला जेवायची आणि दहाला आडवी. आता दिवेलागणीला जेवते, साडेसहाच्या आत. सगळे जेवायला बसले की मी नुसती वाढते, आधी वाईट वाटायचं. आंबट आलं तर डाव्या कुशीवर. आणि त्या नापास झालेल्या विटा पुन्हा पलंगाखाली गेल्या, कारण फळी काढल्यावर पाच अंशही पुरतात.

सहा आठवड्यांनी पालथं झोपायची परवानगी मिळाली. आयुष्यभर मी पालथी झोपणारी, त्या रात्रीची किती वाट पाहिली होती. मास्क नाकात रुतला, नळी गळ्याखाली अडकली, पाच मिनिटांत उताणी झाले. ते प्रकरण संपलं.

मे महिन्यात इकडे घरात झोपणं शक्य नसतं. एक्स्टेन्शन बोर्ड लावून मशीन गच्चीवर नेलं. चेहरा उतरल्यानं मास्क सैल पडला होता, मास्कचीच लहान मापाची गादी मागवावी लागली, अठराशे रुपये. दाब जास्त वाटून हवा पोटात जायला लागली तर मशीन स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. माझा दाब त्यांनी दोनदा कमी करून दिला. जुलैमध्ये पुन्हा तीच वायरींची रात्र. वजन ७२ आणि तासाला ४१ चे ९ झाले होते. नऊ म्हणजे अजून सौम्य त्रास आहे, तेव्हा मशीन तूर्तास चालू आहे. पुढची तपासणी जानेवारीत.

फळी ऑगस्टमध्ये समोरच्या वहिनींकडे गेली, त्यांच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा. त्यांना १६ इंच जास्त होतात, ते मधल्या खाचेत झोपतात. कासराही मागायला आल्या होत्या. सासूबाईंनी लगेच सोडून दिला.